बांधून ठेवलेले निरोप: झाडाच्या पेशीत संकटाची बातमी कशी पोचते

उन्हाळी टोमॅटो लावणाऱ्याला एप्रिलअखेरचं एक दृश्य पाठ असतं. ठिबक चालू आहे, पानं हिरवीगार आहेत, फुलंही भरपूर लागलीत, आणि सकाळी सरीत बघावं तर पिवळ्या फुलांचा सडा. फळ धरतच नाही. पहिला संशय पाण्यावर जातो, दुसरा खतावर, तिसरा फुलकिड्यांवर. मग दुकानातून काहीतरी आणून फवारलं जातं. कारण मात्र बऱ्याचदा फुलाच्या आत, परागकोशाच्या अस्तरातल्या पेशींच्या एका पातळ थरात असतं. उष्णतेने तिथलं काम बिघडलं की पराग पोकळ राहतात, आणि पराग पोकळ म्हणजे फळ नाही.

या अस्तराच्या पेशींचं काम बाळंतिणीला जेवू घालणाऱ्या घरासारखं आहे. परागकण वाढत असताना त्यांना अन्न पुरवायचं, त्यांच्या कवचाचा माल बनवून द्यायचा. त्यासाठी या पेशी प्रथिनं बनवतात आणि बाहेर पाठवतात, बनवतात आणि बाहेर पाठवतात. बाहेर धाडायच्या मालाचा पेशीतला कारखाना म्हणजे आंतर्द्रव्यजालिका. उकाड्यात आधी घसरतो तो हाच कारखाना.

शाळेच्या पुस्तकात ही जालिका केंद्रकाशेजारी काढलेल्या चारदोन नागमोडी रेघांची असते. एकूण ती आकृतीच फसवी. उपम्यात मटार पेरावेत तसे पेशीचे भाग मोकळ्या जागेत विखुरलेले दिसतात. खऱ्या पेशीत मोकळी जागा अशी नसतेच. मोठ्या झालेल्या वनस्पती-पेशीचा नव्वद टक्क्यांपर्यंत भाग एकट्या रिक्तिकेने, म्हणजे पाण्या-क्षारांच्या पिशवीने, व्यापलेला असू शकतो. उरलेल्या बोळकांडीत हरितलवकं, गॉल्गीच्या, म्हणजे माल पुढे रवाना करणाऱ्या भागाच्या, चकत्या, तंतुकणिका दाटीवाटीने राहतात आणि या सगळ्यांमधून जालिकेच्या नळ्या-पापुद्रे कोपऱ्याकोपऱ्यात पोचलेले असतात. केंद्रकाभोवतीचं वेष्टण आणि जालिका हा एकच सलग पापुद्रा आहे. 

आता अडचण काय ते पाहू. प्रथिन तयार होतं तेव्हा ते एका लांब दोऱ्यासारखं असतं. जालिकेच्या आत शिरल्यावर त्याची ठरावीक घडी पडावी लागते, नाहीतर ते निकामी. घडी घालायला तिथे मदतनीस प्रथिनं असतात. त्यांतला मुख्य मदतनीस बिप. अर्धवट घडीच्या प्रथिनांचे चिकट भाग उघडे पडलेले असतात. बिप ते धरून ठेवतो, म्हणजे ती एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होत नाही. उष्णता वाढली, जमिनीत क्षार वाढले किंवा विषाणू शिरला की घड्या बिघडू लागतात आणि जालिकेत न घडलेल्या मालाचा ढीग साचतो.

यावर उपाय आहे: आणखी बिप बनवा, आणखी मदतनीस बनवा, खराब माल बाहेर काढून मोडीत टाका. पण हे बनवण्याच्या जनुकांच्या सूचना केंद्रकात. गोंधळ जालिकेच्या आत. मधे तेलकट पापुद्रा, आणि त्यातून प्रथिनं आपली आपण आरपार जात नाहीत. झाडाला मेंदू नाही, नसा नाहीत, तेव्हा वरून कोणी येऊन सांगेल ही सोयही नाही. पेशीला स्वतःच्या पोटातली बातमी स्वतःच्याच केंद्रकापर्यंत न्यायची आहे, आणि तीही लवकर. संकट आल्यावर निरोप्या तयार करायला बसलं तर उशीर होतो. शिवाय तो निरोप्या ज्या कारखान्यात बनायचा, तोच तर आत्ता बिघडलाय.

पेशीने काढलेली तोड मला फार आवडते. निरोप्या आधीच तयार करून ठेवायचा, पण संकट जिथे येणार त्याच पापुद्र्याला बांधून ठेवायचा. दोरी अशी निवडायची, की संकटानेच ती सुटावी.

या निरोप्याचं नाव बीझिप-२८. नाव रुक्ष आहे, त्याला इलाज नाही. असली नावं ठेवणाऱ्यांना बारशाची हौस नसते. हे प्रथिन जालिकेच्या पापुद्र्यात रुतलेलं असतं. त्याचं डोकं बाहेर पेशीद्रव्यात आणि शेपूट आत जालिकेत. जनुकं चालू करण्याची सगळी कला डोक्यात आहे. पण डोकं शेपटीला जोडलेलं, आणि शेपूट बिपने पकडून ठेवलेली. म्हणजे पेशी सुखात असताना बिपच्या एका हातात बीझिप-२८ची शेपूट आहे.

उकाडा येतो. न घडलेली प्रथिनं वाढतात. त्यांना सांभाळायला बिपची गरज पडते, आणि तो शेपूट सोडून तिकडे धावतो. कोणी हुकूम दिला नाही, कोणी मोजमाप केलं नाही. मदतनीस कमी पडले, एवढी एकच गोष्ट झाली आणि निरोप्या मोकळा झाला. दाराला पाठ लावून उभं राहून ते बंद ठेवणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरात हाक मारली की दार आपोआप उघडतं, तसं.

सुटलेला बीझिप-२८ थेट केंद्रकात मात्र जात नाही. अजून तो पापुद्र्यातच रुतलेला आहे. जालिकेवरून पापुद्र्याच्या बारीक बारीक पिशव्या खुडून निघतात आणि गॉल्गीकडे जातात. एरवी त्यातून बाहेर पाठवायचा माल जातो. हा त्याच गाडीत बसतो. गॉल्गीत त्याला कापणारी विकरं असतात. ती त्याला पापुद्र्यापासून छाटतात, डोकं सुटतं आणि केंद्रकात शिरतं. तिथे ते चालू करतं त्या जनुकांमध्ये बिपचं जनुकही आहे. बिप पुरेसे झाले, की पुन्हा कोणीतरी शेपूट धरायला मोकळा होतो आणि गजर बंद पडतो. चालू करणारा आणि बंद करणारा एकच. हा हिशेब जुळवायला पेशीत वेगळा कारकून नेमावा लागला नाही.

यातलं बरंचसं काम अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात स्टीफन हॉवेल यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिस या रोपावर केलं. मोहरीच्या कुळातलं हे वीतभर तण. खायला-प्यायला कशाचंच नाही, पण जनुकसंच छोटा आणि बी ते बी प्रवास दीड-दोन महिन्यांचा, म्हणून प्रयोगशाळांचं लाडकं. सगळा जनुकसंच वाचून झालेली ती पहिली वनस्पती, २००० साली. याच गटाने २००७ मध्ये बीझिप-२८चा भाऊ बीझिप-१७ कसा चालतो तेही दाखवलं. तोही असाच पापुद्र्याला बांधलेला, फक्त त्याला जाग येते ती क्षारांच्या ताणाने.

दुसरी वाट याहून विलक्षण आहे. तिच्यात निरोप्याऐवजी निरोपाचा कागदच कापला जातो.

जालिकेच्या पापुद्र्यात आयआरई-१ नावाचं एक प्रथिन असतं. त्याचा आतला भाग न घडलेल्या मालाचा सुगावा घेतो, बाहेरचा भाग कात्रीचं काम करतो. ताण आला की ही प्रथिनं पापुद्र्यावर सरकत एकमेकांजवळ येतात आणि कात्री चालू होते. ती कापते बीझिप-६० नावाच्या प्रथिनाचा आरएनए, म्हणजे केंद्रकातून आलेली त्या प्रथिनाची पाककृती. पाककृतीतली नेमकी २३ अक्षरं छाटली जातात आणि उरलेली दोन टोकं दुसरं एक विकर जोडून टाकतं.

२३ या आकड्यात मेख आहे. पेशी आरएनएचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचते. २३ला तीनने भाग जात नाही, दोन उरतात. म्हणजे छाटणीनंतरचं पुढचं सगळं वाचन दोन घरं सरकतं. मराठीत करून बघू. ‘सडक मळका गदका’ हे तीन-तीन अक्षरांचे तीन शब्द. आता सुरुवातीची दोन अक्षरं काढा आणि उरलेली अक्षरं त्याच क्रमाने पुन्हा तीन-तीन करून वाचा: ‘कमळ कागद का…’ एक अक्षरही नवं लिहिलं नाही आणि मजकूर पार बदलला.

बीझिप-६०चं नेमकं हेच होतं. न छाटलेल्या पाककृतीतून जे प्रथिन बनतं त्याच्या शेवटाला पापुद्र्यात रुतणारा खिळा असतो. ते जालिकेला चिकटून राहतं. छाटलेल्या पाककृतीत त्या जागचं वाचन सरकल्यामुळे खिळा नाहीसा होतो आणि त्याऐवजी केंद्रकात प्रवेशाची खूण तयार होते. पहिलं बांधलेलं, दुसरं मोकळं, आणि फरक २३ अक्षरांचा.

या शोधामागची एक गंमत सांगतो. बीझिप-६० जपानमध्ये युजी इवाता आणि नोझोमु कोइझुमी यांनी २००५ मध्ये जगापुढे आणलं. पापुद्र्याला चिकटलेलं प्रथिन आहे, तेव्हा हेही बीझिप-२८सारखंच कापून सुटत असणार, असा तर्क होता, आणि २००८ मध्ये त्यांचाच तसा निबंधही आला. २०११ मध्ये हॉवेल यांच्या गटाने उष्णतेने आरएनएच छाटला जातो हे दाखवलं, आणि त्याच वर्षी इवाता-कोइझुमी यांच्याच गटाने स्वतंत्रपणे तेच सिद्ध केलं. आपलंच तीन वर्षांपूर्वीचं उत्तर त्यांनी आपणच दुरुस्त केलं. विज्ञानात हे रोज घडतं असं म्हणण्याची पद्धत आहे. रोज घडत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवलं.

ही कात्री झाडांनी नव्याने काढलेली नाही. आयआरई-१चं हे काम पहिल्यांदा उलगडलं ते यीस्टमध्ये, १९९३ साली. कझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर या दोघांना त्या कामासाठी २०१४चा लास्कर पुरस्कार मिळाला. माणसातही हेच प्रथिन हेच काम करतं. आपल्या पेशीत छाटली जाणारी अक्षरं २६. त्यालाही तीनने भागलं की दोनच उरतात. यीस्ट, माणूस आणि मोहरीचं तण यांनी एकाच कात्रीचा वारसा जपलाय. प्राण्यांमध्ये मात्र याखेरीज पर्क नावाची एक तिसरी व्यवस्था आहे. ती ताणाच्या वेळी प्रथिनं बनवण्याचाच वेग कमी करते. झाडांकडे पर्क नाही. त्यांचं आयआरई-१ तेवढ्यासाठी आणखी एक कष्ट घेतं: बाहेर पाठवायच्या इतर प्रथिनांचे आरएनए कापून टाकतं, म्हणजे कारखान्यात येणारा कच्चा मालच कमी होतो. एवढं करूनही ढीग हटला नाही तर पेशी जालिकेचेच तुकडे पिशव्यांत गुंडाळून रिक्तिकेत जिरवायला पाठवते. त्यापुढची पायरी पेशीचा मृत्यू.

जालिकेवर इतकं थांबलो, कारण बांधून ठेवलेल्या निरोपाची युक्ती तिथे सगळ्यात स्वच्छ दिसते. पण एकदा ती ओळखता आली की पेशीच्या इतर पापुद्र्यांवरही दिसू लागते.

रिक्तिकेचं घ्या. पेशीद्रव्यात मोकळं कॅल्शियम अगदी नाममात्र असतं, आणि रिक्तिकेत ते त्याच्या हजारो पट कोंडलेलं असतं. हा फरक टिकवायला पेशी सतत ऊर्जा खर्च करते, पंप चालवून कॅल्शियम आत ढकलत राहते. धरणात पाणी उपसून भरण्यासारखा हा उद्योग वरवर वेडेपणाचा वाटतो. पण पाणी साठलेलं असलं, की दार किंचित उघडताच लोंढा येतो. तो लोंढाच निरोप.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला, सायमन गिलरॉय यांच्या प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी पाहता आलं. कॅल्शियम वाढलं की चमकणारं प्रथिन रोपात घातलं आणि मुळाच्या टोकाला मिठाचं पाणी लावलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात कॅल्शियमची लाट मुळातून वर सरकताना दिसली. वेग सेकंदाला सुमारे ४०० मायक्रोमीटर, म्हणजे मिनिटाला जवळपास अडीच सेंटिमीटर. आपल्या नसांपुढे हा वेग गोगलगायीचा, पण वीतभर रोपाला पुरेसा. पान अजून खारट पाण्याच्या थेंबालाही शिवलेलं नाही आणि तिथली जनुकं कामाला लागलेली. रिक्तिकेच्या पापुद्र्यात टीपीसी-१ नावाची एक वाहिनी असते. ती नसलेल्या रोपात ही लाट फार मंदावते.

एक खुलासा इथे हवा. मुळातलं कॅल्शियम वाहत पानात जातं असं नाही. प्रत्येक पेशी स्वतःच्या साठ्यातलं कॅल्शियम सोडते आणि शेजारणीला डिवचते, शेजारीण आपलं सोडते. आवाठात एका घरचं कुत्रं भुंकलं की दुसऱ्या घरचं भुंकतं आणि बातमी गावच्या दुसऱ्या टोकाला पोचते. पहिलं कुत्रं जागचं हललेलं नसतं.

कॅल्शियम वाढल्याची खबर घेणारं एक छोटं प्रथिन एसओएस-३. ते एसओएस-२ला जागं करतं, आणि दोघं मिळून बाहेरच्या पेशीपटलावरच्या एसओएस-१ला कामाला लावतात. एसओएस-१ सोडियम बाहेर फेकतं. जे बाहेर टाकता येत नाही ते कुठे ठेवायचं? त्याच रिक्तिकेत. तिच्या पापुद्र्यावरचा एनएचएक्स नावाचा वाहक सोडियम आत कोंडतो. अडगळ माळ्यावर टाकली की घर वापरता येतं, हे त्यामागचं तत्त्व. २००१ साली टोमॅटोत या वाहकाचं प्रमाण वाढवून पाहिलं, तर समुद्राच्या साधारण एक तृतीयांश खारटपणाच्या पाण्यावर रोपं वाढली, फळली, आणि मीठ पानांत साठलं, फळांत नाही.

कोकणातल्या खारजमिनींना आणि गोव्याच्या खाजणांना हा विषय जवळचा आहे. भरतीचं पाणी बांध फोडून भातात शिरणं म्हणजे काय हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. गोव्यातला कोरगुट भात पिढ्यान्‌पिढ्या याच जमिनीत टिकला, आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारपड जमिनींसाठी भाताचे वाण दिले. वाण निवडताना शेतकऱ्याने आणि पैदासकाराने पाहिलं ते तगलेलं रोप. त्या तगण्यामागे सोडियम कुठे कोंडायचं आणि कधी, ही पेशीची कारागिरी असते.

दुष्काळाचा निरोप असाच, पण तो साखरेने बांधलेला असतो. पाणी तुटू लागलं की झाड ॲबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वापरतं आणि त्याच्या सांगण्यावरून पानांची रंध्रं मिटतात. हे संप्रेरक शून्यापासून बनवायला वेळ लागतो. म्हणून त्याचा काही साठा साखरेच्या रेणूशी जोडून, निष्क्रिय करून, जालिकेत आणि रिक्तिकेत ठेवलेला असतो. २००६ मध्ये दक्षिण कोरियातल्या पोहांगच्या शास्त्रज्ञांनी जालिकेतलं बीजी-१ हे विकर यातली साखर तोडतं, असं दाखवून दिलं. झाड सुकू लागलं की या विकराचे रेणू एकत्र येऊन मोठे पुंजके करतात आणि त्यांचा कामाचा जोर वाढतो. साखर तुटली की संप्रेरक जागं. पुन्हा तेच: माल तयार, फक्त गाठ सोडायची.

हरितलवकाकडून केंद्रकाला जाणारे निरोप हा मोठा आणि अजून वादाचा प्रदेश आहे, त्यात फार शिरत नाही. एक उदाहरण देऊन पुढे जातो. पॅप नावाचा एक छोटा रेणू हरितलवकातलं एक विकर सतत मोडून टाकत असतं. कडक ऊन आणि दुष्काळात हे विकर मंदावतं, पॅप साचतो, केंद्रकापर्यंत जातो आणि ताणाची जनुकं चालू होतात. इथे निरोप बांधलेला नाही, रोज लिहून रोज पुसलेला आहे. पुसणारा थकला की तो वाचता येतो.

आता परागकोशाकडे परत येऊ. अरॅबिडॉप्सिसमधली आयआरई-१ची दोन्ही जनुकं निकामी केली, तर नेहमीच्या तापमानाला रोप बऱ्यापैकी सुखात वाढतं आणि शेंगाही धरतं. बघणाऱ्याला वाटावं, ही कात्री नसली तरी काही बिघडत नाही. पण तेच रोप थोड्या जास्त उष्णतेत ठेवलं की त्याचा पराग बिघडतो आणि शेंगा रिकाम्या राहतात. पानं, खोड, मुळं ठीक. नेमका सतत माल बाहेर धाडणारा तो परागकोशातला पातळ थर कोलमडतो. हा प्रयोग हॉवेल यांच्याच गटाचा, २०१६चा.

टोमॅटोतही उष्णतेचा सगळ्यात नाजूक काळ परागकण तयार होत असतानाचा, म्हणजे फूल उमलण्याच्या साधारण आठवडा ते दोन आठवडे आधीचा. कळी त्या वेळी मिरीच्या दाण्याएवढी, हिरवी, पानाआड. तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. म्हणून आज सरीत पडलेल्या फुलांचं कारण आजच्या पाण्यात किंवा कालच्या फवारणीत शोधून हाती फारसं लागत नाही. वहीत मागच्या पंधरवड्यातल्या दुपारची आणि रात्रीची तापमानं लिहिलेली असतील, तर ती काढून बघावी.